कानात घट्ट बसलंय ना?

मैत्रिणींनो, या वेळचं पत्र जऊळका रेल्वेहून आलं आहे. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव. १९९८ साली वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे जुन्या वाचकांना ते अकोला जिल्ह्यातलं म्हणूनच आठवत असेल. पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या घरी दोन तक्रारी आहेत आणि दोन्ही कानांच्याच.

पहिली तक्रार मुलाची. तो बारावीत आहे, अर्धेअधिक क्लास मोबाइलवरच ऐकतो, कॉलेजला जाता-येताना एस्टीतही कानात वायर असतेच. त्याला नवा इअरफोन हवा आहे. वाशिमच्या दुकानात दोन दाखवले. एका खोक्यावर 'डायनॅमिक' असं छापलेलं, दुसऱ्यावर 'बॅलन्स्ड आर्मेचर', आणि दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या चौपट. मुलाचं म्हणणं, दुसराच घेऊ, कारण जुन्यात बासच येत नाही, तबला वाजतो पण डग्गा ऐकू येत नाही. दुसरी तक्रार सासूबाईंची. शिबिरात मिळालेली कानाची मशीन शिट्ट्या मारते म्हणून त्यांनी ती डबीत घालून कपाटात ठेवून दिली आहे. "आता जेवताना आम्ही बोलतो आणि त्या नुसत्या हसतात," असं ताईंनी लिहिलंय. हे वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं नाही, लगेच उत्तराला बसले.

ताई, तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारलेत, पण गंमत अशी की दोन्हींचं मूळ बहुधा एकच आहे. ते सांगण्याआधी या दोन शब्दांचा उलगडा करू. दुकानदार ते शब्द उच्चारतात तेव्हा आपण नुसती मान डोलावतो, आणि तिथंच पैसे जातात.

डायनॅमिक म्हणजे आपल्या रेडिओतल्या स्पीकरचंच पिल्लू. एक चुंबक, त्यात तारेची बारीक गुंडाळी आणि गुंडाळीला चिकटवलेला पातळ पडदा. वीज आली की गुंडाळी पुढंमागं होते, पडदा हवा ढकलतो, आवाज होतो. बांधणी सोपी, म्हणून स्वस्त. बॅलन्स्ड आर्मेचरची तऱ्हा निराळी. तिथं गुंडाळी जागची हलत नाही. तिच्या आतून लोखंडी मिश्रधातूची एक चिमुकली पट्टी जाते आणि ती दोन चुंबकांच्या बरोबर मध्ये तोललेली असते, तराजूच्या दांडीसारखी. वीज आली की पट्टी किंचित या चुंबकाकडे, किंचित त्या चुंबकाकडे झुकते, आणि तिच्या टोकाची सुईसारखी काडी पडद्याला हलवते. सगळा संच तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा.

हे काही आजचं नवलाईचं तंत्र नाही, बरं का. अमेरिकेतल्या युटा राज्यात नथॅनियल बाल्डविन नावाचे गृहस्थ १९१० च्या सुमारास याच तत्त्वावर हेडफोन बनवत होते, आणि तेही स्वतःच्या घरच्या स्वयंपाकघरात! तिथल्या नौदलाने मागणी नोंदवली, तर एका वेळी दहाच नग देता येतील असं त्यांनी कळवलं. (ओट्यावर हेडफोन मांडलेले असताना घरच्या बाईने भाकऱ्या कुठं थापल्या असतील, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.) पुढं कानाची मशीन खिशातून निघून कानात जाऊन बसली, तेव्हा याच बांधणीचा खरा उपयोग झाला. ती लहान, आणि विजेला फार काटकसरी. गोळीएवढ्या सेलवर कित्येक दिवस चालायचं तर डायनॅमिकपेक्षा हीच परवडते. ह्यू नोल्स यांनी १९४६ साली अमेरिकेत काढलेल्या कंपनीने असे भाग श्रवणयंत्रांसाठी बनवले. श्रवणयंत्रांच्या कामात मुरलेल्या मीड किलियन यांनी १९९१ साली तोच भाग वापरून संगीत ऐकायचा इअरफोन बाजारात आणला. तेव्हा ताई, तुमचा मुलगा दुकानात जे मागतो आहे, त्याच जातीचं यंत्र आजीच्या मशीनमध्ये आधीच आहे, आणि ते कपाटात पडून आहे.

आता मुख्य मुद्दा. या दोघांत चांगला कोणता, हे तोंडी वादावर न ठेवता मोजता येतं. त्यासाठी धातूचा एक 'प्रमाण कान' असतो. माणसाच्या कानाच्या नळीइतकीच पोकळी आणि पडद्याच्या जागी मायक्रोफोन. नोल्स यांच्याच कंपनीने १९७२ साली डोकं, कान, खांदे असलेला एक पुतळाही याच कामासाठी केला, त्याचं नाव 'केमार'. आज वापरतात त्या प्रमाण कानाचं आंतरराष्ट्रीय मानक १९८१ सालचं. इअरफोन त्यात बसवायचा, खालच्या खर्जापासून वरच्या तार स्वरापर्यंत एकसारख्या जोराचा सूर सोडायचा आणि कुठल्या स्वराला किती आवाज मिळाला त्याचा आलेख काढायचा. ताप मोजल्यासारखंच आहे हे. "अंग गरम वाटतंय" आणि "एकशे दोन आहे" यात जो फरक, तोच "बास छान आहे" आणि आलेख यात.

आलेख पाहिलात तर एक गोष्ट खटकेल. चांगल्या इअरफोनची रेघ सपाट नसते, अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास तिला टेकडी असते. तो दोष नव्हे. आपल्या उघड्या कानाची नळीच त्या पट्टीतले आवाज दहा-पंधरा डेसिबलने वाढवते. इअरफोनने नळीचं तोंड बंद केलं की ती वाढ जाते, म्हणून इअरफोनलाच ती भरून द्यावी लागते. टेकडी नसेल तर बोलणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं.

मोजमापात दोघांचे स्वभाव स्पष्ट दिसतात. डायनॅमिकचा खर्ज अगदी खालपर्यंत सहज जातो, बहुतेक कंपन्या तर तो मुद्दाम फुगवतात. वरच्या स्वरात मात्र त्याचा पडदा वेडावाकडा थरथरतो आणि रेघेला दातेरी शेंडे येतात, म्हणून काही स्वस्त इअरफोनांत 'स' आणि 'श' कानाला टोचतात. एकट्या आर्मेचरचं मधलं सप्तक, म्हणजे माणसाचं बोलणं, छान स्वच्छ येतं. वर आठ-दहा हजार हर्ट्झनंतर ते घसरायला लागतं. त्यावर उपाय म्हणून एका कानात दोन, तीन, पाच आर्मेचर घालतात, आणि किंमत त्याच हिशेबाने चढते. काही ठिकाणी खर्जाला डायनॅमिक आणि वरच्या स्वरांना आर्मेचर अशी मिसळ असते. मूळ आवाजात नसलेलं किती मिसळलं, म्हणजे दुधात पाणी किती, तेही मोजतात. तिथं पुष्कळदा स्वस्त डायनॅमिकच सरस ठरतो. चांगल्या डायनॅमिकमध्ये ही भेसळ नेहमीच्या आवाजाला शेकड्याला एकाहून बरीच कमी असते, आर्मेचरमध्ये एकाच्या आसपास जाणं नवलाचं नाही. एवढी भेसळ बोलण्यात कळत नाही हेही खरं. आणि "आर्मेचर फार जलद असतं हो बाई" असं दुकानदार म्हणाला तर खुशाल हसा. छोट्या इअरफोनची चपळाई त्या स्वरांच्या आलेखातच आलेली असते, ती वेगळी काही कमाई नसते.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही सांगते. '२० ते २०,००० हर्ट्झ' हे जवळपास प्रत्येक खोक्यावर असतं आणि त्याला काडीचाही अर्थ नाही, कारण त्या टोकांना आवाज किती पडतो ते लिहिलेलं नसतं. दुसरा आकडा डेसिबलचा, म्हणजे ठरावीक विजेत किती आवाज निघतो त्याचा. हा उपयोगाचा. पण कोणी तो एका मिलिवॉटला देतं, कोणी एका व्होल्टला. १६ ओहमच्या इअरफोनला दुसऱ्या रीतीने लिहिलं की तोच आकडा १८ने मोठा दिसतो! एकाने किलोचा भाव लिहावा आणि दुसऱ्याने पावशेराचा, तसंच हे. दोन खोकी शेजारी धरून मोठा आकडा निवडू नका, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

एवढं सगळं मोजल्यावर निघतं काय? की ही जात की ती जात यापेक्षा कितीतरी मोठा फरक एका भलत्याच गोष्टीने पडतो, आणि ती गोष्ट म्हणजे इअरफोन आणि कान यांच्यातली फट. प्रमाण कानात रबर घट्ट बसवून आलेख काढा, मग तेच जरा तिरकं बसवून काढा. खर्ज वीस डेसिबलनेसुद्धा खाली येतो. दहा डेसिबल म्हणजे कानाला निम्मा, म्हणून वीस म्हणजे पाव. डग्गा गेला तो असा! फटीचा फटका दोघांनाही बसतो, आणि इवल्याशा आर्मेचरला तर जास्तच बसतो, कारण त्याला हवा ढकलायला जोर थोडा. म्हणजे ताई, जुन्यात बास नाही म्हणून मुलाला चौपट किमतीचा आर्मेचर घेऊन दिलात आणि तो सैल बसला, तर बास आणखी कमी येईल, आणि पैसे गेल्याचं दुःख वेगळं.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरी एक परीक्षा करा. इअरफोनच्या टोकाला मऊ रबर असतं, दुकानात त्याला टिप म्हणतात. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या बहुधा येतात आणि पोरं मधली लावून बाकीच्या हरवतात. त्या शोधून काढा. मोबाइलवर तबल्याचं किंवा तंबोऱ्याचं काहीतरी लावा, आवाज बेताचा ठेवा. मुलाला सांगा, एका हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढ, दुसऱ्या हाताने टिप हळूच फिरवत आत बसव. मग बोटाने इअरफोन किंचित दाबून धर. दाबल्यावर डग्ग्याचा घुमार एकदम वाढला, तर टिप लहान आहे. मोठी लावा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही, पुष्कळांचे कान सारखे नसतात. रबराने जमलं नाही तर स्पंजाच्या टिप मिळतात. त्या चिमटीत दाबून आत घालायच्या आणि फुगेपर्यंत धरून ठेवायच्या. या सगळ्याचा खर्च नव्या इअरफोनपुढं नगण्य.

आणि फट बुजवण्यात नुसता डग्ग्याचा प्रश्न नाही. माझ्या मते खरा प्रश्न पुढं आहे. एस्टीचं इंजिन, खिडकीचा खडखडाट, स्टँडवरचा भोंगा हे सगळं त्याच फटीतून आत येतं. मग मुलगा काय करतो? आवाज वाढवतो. गाडीत वाढवलेला आवाज घरी आल्यावर कमी करायचं कोणाच्या लक्षात राहतं? घट्ट बसणारा, खोल जाणारा इअरफोन बाहेरचा गोंगाट तीस डेसिबलपेक्षाही जास्त अडवू शकतो, म्हणजे शिकवणाऱ्या सरांचा आवाज निवांत पातळीवर ठेवूनही नीट ऐकू येतो. (रस्त्यावर चालताना आणि रूळ ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत. यात सवलत नाही.)

किती आवाज चालेल याचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मानकाप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि लहान मुलांना ७५. पुढं प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५, ९२ला अडीच. ९८वर गेलात तर आठवड्याचा सगळा शिधा सदतीस-अडतीस मिनिटांत संपला! आता वर सांगितलेला खोक्यावरचा आकडा आठवा. एका इअरफोनचा आकडा दुसऱ्याहून १०ने जास्त असेल, तर मोबाइलची पट्टी तिथल्या तिथं असूनही कानात १० डेसिबल जास्त जातात. आर्मेचरचे इअरफोन पुष्कळदा असे थोड्या विजेत जोरात बोलणारे असतात. म्हणून नवा इअरफोन आणला की पट्टी आधी अगदी तळाला न्यायची आणि मग चढवायची. मोबाइलच्या सेटिंगमध्ये आवाजाला मर्यादा घालायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती मुलाकडूनच शोधून घ्या. त्याने स्वतः घातलेली मर्यादा तो जास्त पाळेल. कानातले बारीक केस एकदा मेले की परत उगवत नाहीत, हे त्याच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलंच आहे.

आता सासूबाई. शिट्टी का वाजते? मशीनचा मायक्रोफोन बाहेर, आर्मेचर आत. आतला मोठा केलेला आवाज फटीतून बाहेर आला की मायक्रोफोन तो परत उचलतो, पुन्हा मोठा करतो, पुन्हा बाहेर. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात माइक स्पीकरसमोर धरल्यावर जे होतं तेच. म्हणजे नातवाचा डग्गा ज्या फटीतून पळाला, तशाच फटीतून आजीची शिट्टी येते. मशीन वाईट आहे असं लगेच समजू नका. सासूबाईंच्या कानात ती नीट बसवा आणि बोटाने हलकेच दाबून धरा. शिट्टी थांबली, तर कानातला साचा किंवा टिप सैल आहे. वयाबरोबर कानाची नळी सैलावते, माणूस वाळला तर आणखीच, मग चार वर्षांपूर्वीचा साचा आज ढिला होणारच. कानाचं माप घेऊन नवा साचा करून मिळतो. दाबूनही शिट्टी राहिली तर कानात मळ साठला असण्याची शक्यता मोठी, कारण आवाज मळावर आपटून परत फिरतो. तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडूनच काढायचा. आपल्या आकड्याने नाही, काडीने तर नाहीच.

आणि कृपा करून कानात तेल घालायची पद्धत मशीन वापरणाऱ्यांनी सोडून द्या. आर्मेचरचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं, त्यावर बारीक जाळी. तेलाचा थर जाळीवर चढला की आधी 'स, श, फ'सारखी अक्षरं जातात, नंतर सगळाच आवाज. मशीन बंद पडण्याचं फार नेहमीचं कारण मळाने बुजलेली जाळी हेच आहे. रोज रात्री कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून झटकायची, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. पाणी, स्पिरिट, टाचणी वर्ज्य. पावसाळ्यात औषधांच्या बाटल्यांतून येणाऱ्या दमट शोषणाऱ्या पुड्या जमवून झाकणाच्या डबीत टाका आणि रात्री मशीन त्यात ठेवा. हवेवर चालणारा जस्ताचा सेल असेल तर त्यावरचा चिकट कागद काढल्यावर मिनिटभर तसाच ठेवून मग बसवायचा. एकदा कागद निघाला की मशीन वापरा अथवा कपाटात ठेवा, सेल संपतच जातो. हे सेल घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर थांबून बघायचं नाही, तडक दवाखाना.

शिबिरातली मशीन पुष्कळदा एकाच बेताची लावलेली असते, म्हणून श्रवणाची नवी तपासणी करून घेणं चांगलं. तिथं कानावर जो मोठा हेडफोन चढवतात तो बहुधा डायनॅमिक जातीचा असतो, आणि त्याने मोजलेली उणीव भरून काढतो तो आर्मेचर! दोघं असे एकाच घरात नांदतात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात आधी विचारा. मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. हे गृहस्थ १९७१ ते १९७६ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. १९८३ साली सुरू झालेल्या या संस्थेत वाणी आणि श्रवणाच्या तपासणीपासून यंत्र बसवण्यापर्यंतची कामं होतात. नातेवाइकांकडे मुंबईला जाणं होणार असेल तर सासूबाईंना बरोबर न्या, आणि आधीचे कागद विसरू नका. बाजारात दोन-चारशेला 'आवाज वाढवायचं यंत्र' मिळतं ते मात्र तपासणीशिवाय घेऊ नका. ते खर्ज, तार, भांड्यांचा आवाज सगळं सारखंच वाढवतं आणि म्हातारं माणूस वैतागून पुन्हा गप्प होतं.

मशीन दुरुस्त होऊन आली तरी पहिल्या दिवशी दहा माणसांच्या पंगतीत लावायला सांगू नका, ताई. दुपारी तुम्ही दोघीच गहू निवडत बसला असाल तेव्हा तासभर. पंखा बंद, टीव्ही बंद. समोर बसून बोला, ओरडू नका. आठ-दहा दिवसांनी जेवताना.

राहता राहिला इअरफोन. वरची परीक्षा करूनही जुन्यात घुमार आला नाही, तर बारावीच्या पोराला बेताच्या किमतीचा डायनॅमिक पुष्कळ झाला. बिनवायरचा घेणार असाल तर त्यातही बहुतेक डायनॅमिकच असतो. गोंगाट मारायची सोय असेल तर ती इंजिनाच्या घरघरीला लागू पडते, शेजारच्याच्या गप्पांना फारशी नाही. पैसे देण्याआधी खोक्यात किती मापांच्या टिप आहेत ते मोजा, आणि माप बसलं नाही तर बदलून देणार का हे विचारा. कानात घातलेली वस्तू पुष्कळ दुकानदार परत घेत नाहीत.

पुढच्या आठवड्यात पाण्याच्या फिल्टरची कांडी खरोखर कधी बदलायची ते पाहू. त्याबद्दलची पाच-सहा पत्रं साठली आहेत.